तीन आण्यांचा फरक

आमच्या घराण्यात आजवर कोणी बुडालेलं नाही. बुडणार कसं? पाण्यावर कोणी गेलंच नाही!

आमचं मूळ गाव सासवणे, तालुका अलिबाग. नकाशात पाहाल तर मुंबईच्या अगदी समोर. गेटवेवरून लाँच सुटते, ती साधारण तासाभरात मांडव्याला लागते, आणि मांडव्याहून सासवणे म्हणजे तोंडातलं पान संपायच्या आत. पण आम्ही गावी जातो ते एसटीने. पनवेल, पेण, वडखळ नाका, अलिबाग, आणि अलिबागहून पुन्हा उलटे वर सासवणे. शंभर किलोमीटरच्या वर अंतर. त्यात वडखळ नाक्याला किती वेळ मोडेल हे चांगले चांगले ज्योतिषी सांगत नाहीत.

लग्न झाल्यावर सौभाग्यवतीला मी पहिल्यांदा गेटवे दाखवायला नेलं. ती सोलापूरची. समुद्र पाहून हरखली. पलीकडच्या अंधुक डोंगरांकडे बोट करून म्हणाली, "अहो, ते समोर काय दिसतंय?"

"आपलं गाव त्याच बाजूला."

"मग परवा आपण त्याच्याकडे पाठ फिरवून पनवेलला का गेलो होतो?"

प्रश्न बिनतोड होता. उत्तर लांबलचक होतं. मी तिला भेळ घेऊन दिली.

अशा या कुळात जन्मलेला मी, एका शनिवारी सकाळी सात वाजता शिडाच्या होडीत बसून भर समुद्रात गेलो. त्याचं असं झालं.

मी बँकेत कारकून. बी.कॉम. झालो, परीक्षा दिली, चिकटलो. आमच्या शाखेत एका सेलिंग क्लबचं चालू खातं आहे. क्लबचे मानद खजिनदार दर शुक्रवारी कामकाज संपायला पाच मिनिटं असताना चेकांचा गठ्ठा घेऊन माझ्या काउंटरशी येतात. उंच, सावळे, उन्हात भाजून भाकरीच्या पाठीसारखा झालेला चेहरा. एकदा मी त्यांच्या खात्यातला दोनशे रुपयांचा फरक शोधून दिला. तेव्हापासून त्यांचा माझ्यावर फार लोभ. एका शुक्रवारी ते चेक देता देता मला आपादमस्तक न्याहाळत म्हणाले,

"अहो, तुमचं वजन किती?"

"चौऱ्याऐंशी किलो," मी ओशाळून सांगितलं.

"उत्तम!"

माझ्या वजनाला उत्तम म्हणणारा आयुष्यात भेटलेला हा पहिला माणूस. घरी माझं वजन जास्त आहे म्हणून तक्रार, आणि बँकेत साहेबांपाशी माझं काडीचं वजन नाही म्हणून तक्रार. खजिनदारांनी खुलासा केला. क्लबच्या सहा शिडाच्या होड्या दर वर्षी एकत्र सफरीवर निघतात. त्यांच्या होडीवरचा एक गडी ऐनवेळी गळला होता. वारा जोरात लागला की शिडाची होडी एका अंगावर कलते. तेव्हा दुसऱ्या अंगाच्या कडेवर कोणीतरी वजनदार माणसाने जाऊन बसावं लागतं. "काही येत नसलं तरी चालेल," ते म्हणाले, "नुसतं बसायचं."

नुसतं बसण्याचा मला वीस वर्षांचा अनुभव होता. शिवाय सफर दुसऱ्या शनिवारी-रविवारी होती. २०१५ च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी मिळू लागली. तेव्हापासून त्या सुट्टीचं करायचं काय हा प्रश्न मला भेडसावत होता. दुसऱ्या शनिवारी माळा साफ करायचा आणि चौथ्या शनिवारी माळ्यावरून काढलेलं पुन्हा वर ठेवायचं, असा आमच्याकडे क्रम आहे. मी म्हणालो, "येतो की!" आणि मग विचारलं, "जायचं कुठे?"

"मांडव्याला," ते म्हणाले.

घरी सांगितलं. सौभाग्यवती म्हणाली, "जा हो, फोटो काढा." मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला पोहता येतं?" माझे वडील काहीच बोलले नाहीत. वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसले होते, तसेच बसून राहिले. पान मात्र अर्ध्या तासात एकदाही उलटलं नाही.

आता आजोबांची गोष्ट सांगायला हवी.

१९४७ साल. आजोबा मस्जिद बंदरला एका पेढीवर कारकून होते. १७ जुलै, गुरुवार, गटारी अमावास्या. मुंबईतला कोकणी चाकरमानी गावाकडे निघालेला. आजोबा आणि त्यांच्या खोलीतला सोबती, दोघेही सासवण्याचे, सकाळी आठच्या ‘रामदास’ बोटीने भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जायचे होते. आजीसाठी घेतलेलं इरकली लुगडं बांधून तयार होतं. आणि बुधवारी संध्याकाळी पेढीचा रोजमेळ जुळेना. तीन आण्यांचा फरक.

आजोबा शेठजींना म्हणाले, "मी माझ्या खिशातले तीन आणे घालतो."

शेठजी म्हणाले, "पैसे नकोत. चूक पाहिजे."

आजोबा कंदिलाशी बसले. रात्री सोबती पेढीवर डोकावला. "धक्क्यावर ये. नाहीच आलास तर मी नेतो," म्हणाला आणि लुगड्याचं पुडकं घेऊन गेला. आजोबांना चूक सापडली तेव्हा उजाडून आठ वाजून गेले होते. पोस्टखर्चाचे पाच आणे खातेवहीत आठ आणे लिहिले गेले होते. आणि अक्षर आजोबांचंच होतं.

शेठजींच्या नावाने बोटं मोडत आजोबा खोलीवर येऊन झोपले. ते झोपले होते तेव्हा रेवसच्या अलीकडे, काशाच्या खडकाजवळ, पावसाळी लाटांनी ‘रामदास’ कलंडली आणि बघता बघता बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांनी मासळी समुद्रात लोटून दिली आणि होड्यांत मावतील तेवढी माणसं वर ओढून घेतली. त्यांत सोबती नव्हता.

गावात आजोबांनाही गेल्यातच धरलं होतं. तिसऱ्या दिवशी ते पेणच्या वाटेने, मिळेल त्या वाहनाने आणि उरलेलं पायी, भिजत घरी पोचले. घर माणसांनी भरलं होतं. आजी पुढे सांगायची, "मला काय बोलावं तेच सुचेना. म्हटलं, चपला बाहेर काढा."

माझ्या वडिलांचा जन्म त्याच्या पुढच्या वर्षीचा. म्हणजे बघा, वडील, आत्या, काका, आम्ही भावंडं, आमची मुलं, असा सगळा ताळेबंद मांडला तर तो तीन आण्यांच्या चुकीवर उभा आहे. मी बँकेत लागलो तेव्हा आजोबा ऐंशीच्या पुढे होते. पहिल्याच आठवड्यात माझ्या कॅशमध्ये फरक आला आणि मी रात्री उशिरा घरी पोचलो. सगळे कुरकुरत होते. आजोबा एवढंच म्हणाले, "चूक सापडेपर्यंत उठत जाऊ नकोस. उशीर होतो. होऊ दे."

त्यानंतर आजोबा कधी बोटीत बसले नाहीत आणि त्यांनी कोणाला बसू दिलं नाही. सोबत्याची तीन वर्षांची मुलगी होती. तिच्या घरी दर वर्षी गटारीच्या आधी आजोबांची मनिऑर्डर जाई. ती मुलगी म्हणजे आमच्या सासवण्याच्या आत्या. आजोबांच्या मागे वडील दर वर्षी एसटीने जाऊन त्यांना एक साडी देऊन येतात. कसली, कशाबद्दल, हे दोन्ही बाजूंनी कोणी बोलत नाही. कॉमर्स शिकलेल्यांना ठाऊक असेल, ज्या रकमेचा मेळ कुठेच लागत नाही ती तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकून ठेवतात. ते लुगडं आमच्याकडे पाऊणशेहून अधिक वर्षं सस्पेन्स खात्यात पडून होतं.

तर, वडील दोन दिवस गप्प होते. शुक्रवारी रात्री मी पिशवी भरत असताना ते आले आणि एक पुडकं माझ्यासमोर ठेवलं. वर्तमानपत्राचा कागद, त्यावर प्लास्टिक, त्यावर दुसरं प्लास्टिक, आणि सगळ्यावरून सुतळीचे इतके वेढे की आत साडी आहे की शाळिग्राम ते कळू नये.

"आत्याला दे," ते म्हणाले. दारापर्यंत गेले. वळून म्हणाले, "भिजता कामा नये."

क्लबने सफरीचं एक परिपत्रक काढलं होतं. आमच्या हेड ऑफिसने शिकावं असं. मऊ तळाचे बूट, टोपी, पाणी, आणि ‘स्वतःला सांभाळता येईल इतकंच सामान’. बोट लागू नये म्हणून काय करावं, हे मात्र त्यात नव्हतं. ती उणीव आमच्या सोसायटीने भरून काढली. तळमजल्यावरून आल्याच्या वड्या आल्या, दुसऱ्या मजल्यावरून आवळासुपारी. एका काकांनी लिंबू हुंगायला सांगितलं, दुसऱ्या काकांनी लिंबू अजिबात हुंगू नका असं बजावलं. यांपैकी कोणीही बोटीत बसलेलं नव्हतं. अनुभव नसला की सल्ला निर्भेळ मिळतो.

अपोलो बंदरावर पहाटे मंडळी जमली. क्लबचे अध्यक्ष असतात त्यांना कमोडोर म्हणतात. मला वाटलं होतं, छातीवर बिल्ले असतील. ते हाफ चड्डीत होते आणि थर्मासचं झाकण लागेना म्हणून चिडले होते. आमच्या होडीवर आम्ही चौघं. खजिनदार हे कप्तान, त्यांचा कॉलेजात जाणारा पुतण्या, एक हाडांचे डॉक्टर, आणि वजन म्हणून मी. डॉक्टर अनुभवी होते. पाण्यावर उतरताच त्यांनी मला हिताच्या चार गोष्टी सांगितल्या. "क्षितिजाकडे बघायचं, रिकाम्या पोटी राहायचं नाही, आणि मनात आणायचं नाही. सगळं मनाचं असतं."

निघायची वेळ सातची, ती भरतीच्या वेळापत्रकावरून ठरली होती. खजिनदार छापील पुस्तिकेत बघत म्हणाले, "पहाटे भरती झाली. आता ओहोटी आपल्याला बाहेर ओढून नेईल." मी सहज म्हणालो, "आज षष्ठी. साडेचारला भरती झाली असेल." ते चमकले. मी आजीचं गणित सांगितलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. अष्टमीला सहा, षष्ठीला साडेचार. सहा तासांनी ओहोटी पुरी. त्यांनी पुस्तिका पुन्हा उघडली. फरक थोड्याच मिनिटांचा होता. "अहो, हे तुम्ही कुठे शिकलात?" आता काय सांगणार? ज्या घरात समुद्राचं नाव काढायची बंदी, त्या घरात आजी रोज सकाळी पोळपाटाशी बसून भरतीची वेळ काढत असे. कोणासाठी काढत होती कोण जाणे.

होडी निघाली आणि माझ्या ध्यानात आलं की इथली भाषा वेगळी आहे. होडीत दोर पुष्कळ असतात, पण दोर कोणीच म्हणत नाही. शिडाला जो दोर बांधून शीड ओढायचं किंवा सैल करायचं, त्याला म्हणतात शीट! आयुष्यभर बॅलन्स शीट ऐकलेला माणूस मी. "शीट सोडा!" असा कप्तानांनी आवाज दिला, तेव्हा मी हातातलं परिपत्रक सोडलं. ते वाऱ्याने थेट समुद्रात गेलं. डावी बाजू म्हणजे पोर्ट, उजवी म्हणजे स्टारबोर्ड. ते मी डेबिट-क्रेडिटसारखं पाठ केलं. दोन शिडाच्या होड्या समोरासमोर आल्या तर जिला वारा डावीकडून लागतोय तिने वाट सोडायची, जिला उजवीकडून लागतोय तिने सरळ जायचं. असा साधा, स्पष्ट नियम आमच्या लिफ्टपाशी असता तर किती भांडणं वाचली असती.

आणि बूम. आम्ही कॉमर्सवाले बूम म्हणजे बाजारातली तेजी समजतो. होडीत बूम म्हणजे शिडाच्या खालच्या कडेला असलेली आडवी दांडी. होडी वळली की ही दांडी एका बाजूकडून दुसरीकडे सपकन येते. मध्ये डोकं असेल तर डोक्यासकट. पुतण्या ओरडला, "काका, डोकं!" मी विचारलं, "कोणाचं?" तेवढ्यात उत्तर मिळालं. तेजीनंतर डोळ्यांपुढे तारे येतात, हे शेअरबाजारात पैसे घातलेले आमचे कॅशियर सांगतात ते खोटं नाही.

या सगळ्यात माझा एक हात पुडक्यावर होता. आधी ते मांडीवर धरलं. मग शिंतोडे यायला लागले, तेव्हा शर्टाच्या आत घातलं. शेवटी पिशवीत घालून पिशवी खाली ठेवली आणि तिच्यावर बसलो. माझ्या वजनाचा एवढा सदुपयोग पूर्वी कधी झाला नव्हता.

शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे असा दोन गुणांचा प्रश्न असे. रात्री जमीन लवकर थंड होते म्हणून सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई, आणि दुपारी जमीन तापली की समुद्राकडून येतात ते खारे. मी ते घोकलं होतं. पण या दोहोंच्या मध्ये एक जेवणाची सुट्टी असते, हे बाईंनी सांगितलं नव्हतं. अकराच्या सुमाराला मतलई वारा आपली पाळी संपवून गेला आणि खारा वारा अजून कामावर आलेला नव्हता. सहाच्या सहा होड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. शिडं वाळत घातलेल्या चादरींसारखी लोंबायला लागली. मागे ‘संक रॉक’ नावाचा दिवा, म्हणजे बुडालेला खडक. पुढे मांडवा. मधे आम्ही.

प्रत्येक होडीला लहानसं इंजिन होतं. पण ते सुरू करायचं नाही, असा संकेत. म्हणजे करायला हरकत नव्हती, पण पहिल्यांदा कोणी करायचं? लग्नाच्या पंगतीत पहिल्यांदा उठायचं कोणी, तसला प्रकार. सगळे एकमेकांकडे तिरक्या डोळ्यांनी बघत होते. शेजारून मांडव्याची लाँच फेस उडवत गेली. तिच्यातली मुलं आम्हाला हात करत होती. आमच्यातले कोणी हात करेना. मग एक कोळ्यांची मशीनची होडी जवळ आली. म्हाताऱ्याने विचारलं, "बंद पडली काय?"

"नाही. वारा पडलाय," खजिनदार म्हणाले.

"मग मशीन लावा ना."

"नाही, आम्ही शिडावरच जातो."

म्हाताऱ्याने सहाही होड्यांकडे एकदा पाहिलं. त्याच्या बापजाद्यांनी शिडाचे दोर ओढून ओढून हातांची सालटी काढली. पै पै जमवून मशीन बसवलं. आणि ही शहाणी माणसं मशीन झाकून ठेवून शीड लावून बसली होती, तीही वर्गणी भरून. तो काही बोलला नाही. निघताना आमच्या होडीत एक पाण्याची बाटली तेवढी टाकून गेला.

वारा नसला तरी पाण्याला लांब, संथ हेलकावा होता. होडी पाळण्यासारखी डावीकडे जाई, उजवीकडे जाई, आणि मधे क्षणभर विचार करी. माझ्या पोटात कालवाकालव सुरू झाली. मी क्षितिजाकडे पाहिलं. मनात आणायचं नाही असं मनात आणलं. आणि तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेले हाडांचे डॉक्टर घाईघाईने कडेवर ओणवे झाले. सगळं मनाचं असतं हे खरं, पण ते बाहेर पोटातूनच येतं. त्यांची पाठ चोळण्याच्या नादात मी माझं पोट विसरून गेलो. बोट लागू नये म्हणून मला सापडलेला हा एकमेव उपाय आहे. दुसऱ्याला लागावी.

डॉक्टर जरा सावरल्यावर मी खजिनदारांना विचारलं, "काशाचा खडक कुठे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. का विचारतोय, हे विचारलं नाही. समुद्रावरच्या माणसांना ती जागा विचारण्याचं एकच कारण माहीत असतं. डाव्या हाताला, रेवसच्या दिशेने, त्यांनी बोट केलं.

तिथे काही नव्हतं. पाणी होतं. मला काय दिसायला हवं होतं कोण जाणे. मी इतकी वर्षं ही जागा काळी, खवळलेली, भोवऱ्याची अशी कल्पिली होती. जानेवारीचं ऊन पडलं होतं आणि दोन पांढरे पक्षी त्या पाण्यावर आरामात बसले होते. माझ्या मनात मोठमोठे विचार येतील म्हणून मी थांबलो. आला तो एवढाच, की तो माणूस तेव्हा तिशीचासुद्धा नव्हता. आणि त्याच्या काखेत दुसऱ्याचं पुडकं होतं.

पुतण्याने टोपी काढली होती. डॉक्टरांनीही काढली. इतर होड्यांवरची बडबड चालूच होती, पण आमच्या होडीत पाचएक मिनिटं कोणी बोललं नाही.

मग पाण्यावर मागून काळसर रेघ आली, शिडाने एकदा फडफड केली आणि खारा वारा कामावर रुजू झाला. एका मिनिटात होडी कलली. "वजन!" कप्तान ओरडले. मी चढत्या कडेवर जाऊन बसलो आणि होडी गुण्यागोविंदाने सरळ झाली. काय सांगू तुम्हाला! वीस वर्षांच्या नोकरीत मी जागेवर बसलो आणि त्यामुळे संस्था सावरली, असं कधी घडलं नव्हतं. पण कडेवर बसलो तेव्हा पिशवी खाली उघडी राहिली. एक लाट नाळेवरून उडून सरळ आत आली. मी कडा सोडून पिशवीवर झेपावलो. होडी पुन्हा कलली. "जागेवर!" कप्तान गरजले. पुतण्याने शहाणपणाने पिशवी उचलून आपल्या जाकिटाच्या आत कोंबली आणि गरोदर बाईसारखा मांडव्यापर्यंत तसाच बसला.

दुपारी मांडव्याला नांगर टाकला. बाकीची मंडळी पोहायला उतरली. मी पिशवी डोक्यावर धरून लहान होडीतून किनाऱ्याला आलो. रिक्षा केली आणि सासवण्याला आत्यांच्या वाडीत गेलो.

आत्या ओटीवर सुपाऱ्या निवडत होत्या. त्यांनी माझ्या अवताराकडे पाहिलं. कपाळावर बुमाचं टेंगूळ, तोंडावर मीठ, पायांत ओले बूट.

"आज काय रे, अचानक? एसटी आता कुठली आली?"

"एसटीने नाही आलो, आत्या."

"मग?"

"समुद्रातून आलो. शिडाच्या होडीतून."

त्यांचे हात थांबले. मी पुडकं पुढे केलं. "बाबांनी दिलंय."

त्यांनी सुतळी तोडली नाही. एकेक गाठ सोडवत बसल्या. एक प्लास्टिक काढलं, दुसरं काढलं. बाहेरचं ओलं होतं. वर्तमानपत्राच्या कागदावर त्यांनी तळहात ठेवला. मग कागद दूर करून साडीवर ठेवला, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला.

"कोरडी आहे," म्हणाल्या.

एवढंच. मग उठून आत गेल्या. बऱ्याच वेळाने चहा घेऊन आल्या. नंतर आम्ही नारळाच्या भावाविषयी बोललो.

संध्याकाळी मी वडिलांना फोन लावला. पहिल्या घंटीलाच उचलला.

"पोचलं?"

"पोचलं, बाबा. कोरडं."

पलीकडून बराच वेळ काही ऐकू येईना. मला वाटलं, रेंज गेली. मांडव्याला जाते कधीकधी. पण रेंज होती.

दुसऱ्या दिवशी खांदेरीला लांबून वळसा घातला. १६७९ साली शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला आणि समोर मुंबईत इंग्रजांची झोप उडाली. १८६७ पासून तिथे दीपगृह आहे. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मानलेल्या आपल्या बारा किल्ल्यांत खांदेरीही आहे. तिथून परतताना वारा तोंडावर आला. वाऱ्याच्या तोंडावर शिडाची होडी सरळ जाऊच शकत नाही. तिरकं डावीकडे, मग तिरकं उजवीकडे, असं नागमोडी जावं लागतं. समोर दिसणाऱ्या गावाला लांबच्या वळशाने पोचण्याची ही विद्या. आमच्या घराण्याला ती उपजत आहे, असं मी खजिनदारांना सांगितलं. त्यांना वाटलं मी विनोद करतोय.

रात्री दहाला घरी पोचलो. मी चपला... म्हणजे बूट बाहेरच काढले. वडील जागे होते. सौभाग्यवतीने टेंगूळ पाहिलं, हसली आणि हळद गरम करायला गेली. वडिलांनी माझं जेवण होऊ दिलं. मग वर्तमानपत्रात बघत म्हणाले,

"ती मांडव्याची लाँच... किती वेळ घेते रे?"

"तासभर."

"म्हाताऱ्यांना तिकिटात सवलत असते का काही?"

"नसावी, बाबा."

"एसटीत मला फुकट आहे. पंच्याहत्तरीच्या वर." थोडा वेळ त्यांनी हिशेब केला. पान उलटलं. "यंदा आत्याकडे जाताना एक तिकीट काढून ठेव लाँचचं. खिडकीशी नको, मधलं बघ."

"परतीचंही काढू?"

"नको," ते म्हणाले. "येताना एसटी आहे."